कायदा येतो कुठून आणि बांधतो कशाने? ‘नरसू आप्पा माळी’ निकालाची चिकित्सा



‘कायद्याचे प्रकार आणि कायद्याचे स्रोत’ असा विषय आयोजकांनी आम्हांला दिला. लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला हा विषय असतो आणि परीक्षेत त्याचं उत्तर बहुधा पाठ करूनच लिहिलं जातं. विधिमंडळाने केलेले कायदे हा एक स्रोत, वरिष्ठ न्यायालयांचे निर्णय हा दुसरा, रूढी तिसरा, धर्मग्रंथ चौथा आणि न्यायबुद्धी पाचवा. पाच मुद्दे लिहिले की गुण मिळतात. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आमची खोड अशी, की यादी समोर आली की ती पाठ करण्याआधी ‘स्रोत’ म्हणजे नेमकं काय, हे विचारावंसं वाटतं. आणि हा प्रश्न विचारला की ती यादी दिसते तितकी निरुपद्रवी राहत नाही.

म्हणून आज आपण यादीची उजळणी थोडक्यात उरकू आणि आपला बराचसा वेळ एका निकालाला देऊ. मुंबई उच्च न्यायालयाचा १९५१ सालचा ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी’ हा तो निकाल. सत्तर वर्षांहून अधिक काळ या देशातल्या लग्न, घटस्फोट, वारसा, मठ, मंदिर अशा अनेक वादांवर त्याची सावली आहे. आमचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: या निकालात कायद्याचा उगम आणि कायद्याचं बळ या दोन वेगळ्या गोष्टी एकच मानल्या गेल्या, आणि त्याची किंमत प्रामुख्याने बायकांनी आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींनी मोजली.

आधी प्रकार. दिवाणी आणि फौजदारी हा भेद सगळ्यांना ठाऊक असतो. सार्वजनिक आणि खाजगी, लिखित आणि अलिखित असे आणखीही भेद करतात. ते वर्गीकरणाच्या सोयीचे आहेत, त्यांत फार अडकायला नको. आपल्याकडे खरी गुंतागुंत आहे ती एकाच माणसावर एकाच वेळी अनेक जातींचे कायदे लागू असण्याची. एक उदाहरण घ्या. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात भाऊ-बहिणींच्या मुलांनी एकमेकांशी लग्न करणं निषिद्ध नात्यात मोडतं. म्हणजे मामाच्या मुलीशी लग्न नाही. पण कोल्हापूर-सांगलीकडे, सीमाभागात, कितीतरी घरांत मामाची मुलगी हक्काने सून म्हणून येते. ती सगळी लग्नं रद्दबातल आहेत का? नाहीत. कारण त्याच कायद्यात पुढे म्हटलंय, की दोघांनाही लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तर चालेल. आणि रूढी म्हणजे काय, तेही सांगितलंय: ती दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळलेली हवी, निश्चित हवी, अवाजवी नको, सार्वजनिक धोरणाविरुद्ध नको. म्हणजे पाहा, एकाच गल्लीतल्या दोन घरांत तेच लग्न एकाचं कायदेशीर आणि दुसऱ्याचं बेकायदा ठरू शकतं.

आता विचारू या, की त्या पहिल्या घरातल्या लग्नाचा स्रोत कोणता? रूढी, असं आपण पटकन म्हणतो. पण रूढी तर दोन्हीकडच्या माणसांच्या मनात असू शकते. एका ठिकाणी ती कायदा ठरते आणि दुसरीकडे ठरत नाही, ते कशामुळे? संसदेने रूढीला दार उघडून दिलंय आणि त्या दारातून आत यायच्या अटीही सांगितल्यात, त्यामुळे. नियमाचा मजकूर रूढीतून आला. त्याचं बंधन मात्र संसदेच्या कायद्यातून आलं.

हा भेद आमच्या पदरचा नाही. जॉन सामंड या विधिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी तो नीट मांडून ठेवला आहे. कायद्याचा आशय जिथून येतो तो एक स्रोत, आणि कायद्याला कायदेपण जिथून मिळतं तो दुसरा. आपण आज पहिल्याला ‘उगम’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘अधिष्ठान’. गोदावरीचं पाणी ब्रह्मगिरीवरून निघतं हे खरं. पण जायकवाडीच्या कालव्यातून ते कुणाच्या शेतात किती सोडायचं, हे ब्रह्मगिरीला विचारून ठरत नाही.

याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण गोव्यात मिळतं. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून तिथले चालू कायदे पुढे चालू ठेवले. पुढे प्रश्न असा आला, की गोव्याच्या रहिवाशाची गोव्याबाहेर, या प्रकरणात मुंबईत, असलेली मालमत्ता कोणत्या कायद्याने वारसांकडे जाईल? पोर्तुगीज संहिता हा परदेशी कायदा मानायचा का? २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही संहिता आज भारतीय कायदा आहे. ती लिस्बनला लिहिली गेली असेल, पण आज ती चालते ती भारतीय संसदेने चालू ठेवली म्हणून. तिथे न्यायालयाला उगम आणि अधिष्ठान यांत तिळमात्र गोंधळ झाला नाही. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नरसू आप्पा माळी. मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाने १९४६ साली हिंदूंसाठी द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला. एक बायको हयात असताना दुसरं लग्न करणं हा गुन्हा ठरला. १९५० साली राज्यघटना आली आणि या कायद्याखाली खटले झालेल्या लोकांनी घटनेचा आधार घेतला. त्यांचं म्हणणं साधारण असं: आम्ही हिंदू म्हणून आम्हांलाच का पकडता? मुसलमान पुरुषाला तर चार लग्नांची मुभा आहे. हा धर्मावरून भेदभाव झाला. शिवाय मुलगा होण्यासाठी दुसरं लग्न करणं हा आमचा धर्म आहे, त्याचं स्वातंत्र्यही घटनेने दिलंय.

न्यायपीठावर मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर होते. दोघेही मोठे. छागला पुढे केंद्रात मंत्री झाले, गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. गजेंद्रगडकर साताऱ्याचे, संस्कृतज्ञ घराण्यातले, धर्मशास्त्र मुळातून वाचलेले. आणि दोघेही सुधारणावादी. त्यांनी १९४६ चा कायदा वैध ठरवला. मुलगा हवा तर दत्तक घेता येतो, सुधारणा टप्प्याटप्प्याने करायला राज्य मोकळं आहे, एका समाजापासून सुरुवात केली म्हणून तो भेदभाव होत नाही, असं त्यांनी सांगितलं. या निष्कर्षाशी आमचं भांडण नाही.

पण वाटेत एक प्रश्न उभा राहिला. मुसलमान पुरुषाला अनेक लग्नांची मुभा देणारा नियम हाच मुळात समतेच्या विरुद्ध आहे, तर तो घटनेच्या तेराव्या अनुच्छेदाने रद्द होत नाही का? तेरावा अनुच्छेद म्हणतो, की घटना येण्यापूर्वी अंमलात असलेले कायदे मूलभूत हक्कांशी जितके विसंगत असतील तितके निरर्थक. मग ‘अंमलात असलेले कायदे’ यांत व्यक्तिगत कायदे, म्हणजे हिंदूंचा धर्मशास्त्रावर आधारलेला आणि मुसलमानांचा शरीयतवर आधारलेला कायदा, हे येतात की नाही? दोन्ही न्यायमूर्तींनी उत्तर दिलं: येत नाहीत.

कारणं काय दिली? गजेंद्रगडकरांचं मुख्य कारण उगमाचं होतं. हिंदू कायद्याचा पाया श्रुतिस्मृती, मुसलमानी कायद्याचा पाया कुराण. ते कुणा विधिमंडळाने किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने केलेले नाहीत, आणि ‘अंमलात असलेले कायदे’ म्हणजे अशा कुणीतरी केलेले कायदे. छागलांची कारणं शब्दार्थाची होती. तेराव्या अनुच्छेदाच्या व्याख्येत ‘रूढी किंवा परिपाठ’ असे शब्द आहेत, ‘व्यक्तिगत कायदा’ हे शब्द नाहीत. १९१५ च्या गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया ॲक्टमध्ये हे दोन्ही शब्द वेगवेगळे वापरले आहेत, म्हणजे घटनाकारांना फरक माहीत होता आणि त्यांनी मुद्दामच एक गाळला. शिवाय अस्पृश्यता संपवणारा सतरावा अनुच्छेद, मंदिरं खुली करायची मुभा देणारा पंचविसावा, समान नागरी कायद्याचा चव्वेचाळिसावा, या सगळ्यांची गरजच काय होती, जर व्यक्तिगत कायदे तेराव्यानेच तपासले जाणार होते?

आता आमचे आक्षेप. चार आहेत. क्रमाने घेऊ.

पहिला आक्षेप इतिहासाचा. मुंबई इलाख्यातल्या मोफसल न्यायालयांनी कोणत्या कायद्याने न्याय द्यायचा, हे एल्फिन्स्टनच्या राजवटीत १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने ठरवून दिलं होतं. त्यातला क्रम ऐका. आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारची रेग्युलेशन्स. ती नसतील तर ज्या मुलुखात दावा उद्भवला तिथला परिपाठ. तो नसेल तर प्रतिवादीचा कायदा, म्हणजे त्याच्या धर्माचा. आणि तोही नसेल तर न्याय, समदृष्टी आणि सदसद्विवेक. परीक्षेतली ती स्रोतांची यादी आपल्या इलाख्यात दोनशे वर्षांपूर्वी सरकारी हुकमात लिहिली गेली होती, क्रमांकासह. आणि त्यात धर्माचा कायदा तिसरा आहे, रूढीच्याही मागे. बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली ‘हिंदूंना शास्त्र, मुसलमानांना कुराण’ अशी सरळ वाटणी केली. मुंबईने रूढीला पुढे बसवलं. त्याच सुमारास आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातीजातींचे परिपाठ गोळा करून पुस्तक केलं, ते याच कारणाने.

यातून काय निघतं? ब्रिटिश न्यायालयात याज्ञवल्क्य चालत होता, तो याज्ञवल्क्याच्या अधिकाराने चालत नव्हता. एका रेग्युलेशनच्या तिसऱ्या पायरीवर त्याला जागा दिली होती म्हणून चालत होता. छागलांनी ज्या १९१५ च्या कायद्याचा दाखला दिला, त्याचंही तेच. ते कलम म्हणतं, की वारसा वगैरे बाबतींत दोन्ही पक्ष एकाच व्यक्तिगत कायद्याचे किंवा रूढीचे असतील तर उच्च न्यायालयाने त्याप्रमाणे निर्णय द्यावा. व्यक्तिगत कायदा आणि रूढी हे दोन शब्द वेगळे आहेत, इतकंच छागलांनी त्यातून घेतलं. आम्ही म्हणतो, त्या कलमातली मोठी गोष्ट दुसरीच आहे. ‘द्यावा’ हे क्रियापद. पार्लमेंट न्यायालयाला आज्ञा करतंय. अधिष्ठान तिथे आहे.

दुसरा आक्षेप धर्मशास्त्राचा, आणि तो आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. ‘हिंदू कायद्याचा उगम शास्त्रात’ असं म्हणताना शास्त्र म्हणजे जणू एक अचल पाषाण आहे, असं चित्र उभं राहतं. गजेंद्रगडकरांसारख्या व्युत्पन्न माणसाला हे चित्र खोटं आहे, हे ठाऊक नसेल असं संभवत नाही. मुंबई इलाख्यातच दोन ग्रंथ चालत होते. विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठाचा व्यवहारमयूख. घाटावरच्या मराठी मुलुखात साधारणपणे आणि रत्नागिरीत मिताक्षरा वरचढ. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे मयूख वरचढ. म्हणजे तुमच्या वारशाचा हिशेब तुम्ही बोरघाटाच्या कुठल्या बाजूला आहात यावर बदलू शकत होता. श्रुती तर दोन्हीकडे एकच होती ना? मग हा फरक आला कुठून? टीकाकारांच्या युक्तिवादातून, स्थानिक परिपाठातून आणि शेवटी न्यायालयांनी घालून दिलेल्या सीमांतून.

बरं, हे टीकाकार तरी ग्रंथाला किती शरण होते? स्मृतीत थोरल्या भावाला जास्त वाटा देण्याचा नियम आहे. विज्ञानेश्वर तो नाकारत नाही, तो शास्त्रात आहे हे मान्य करतो. आणि मग म्हणतो, की लोकांना तो नकोसा झाला आहे आणि लोकविद्विष्ट गोष्ट, शास्त्रात असली तरी, आचरू नये. म्हणून समान वाटणी. नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात बसून हा माणूस शास्त्रवचनाला लोकांच्या न्यायबुद्धीपुढे उभं करतो. याज्ञवल्क्य सांगतो, दोन स्मृतींत विरोध आला तर व्यवहारातला न्याय बलवान. कौटिल्य सांगतो, ग्रंथ आणि न्याय यांचा विरोध आला तर न्याय प्रमाण. नारद वादाचे चार पाय सांगतो, धर्म, व्यवहार, चरित्र आणि राजशासन, आणि पुढचा पाय मागच्यावर मात करतो असंही सांगतो. म्हणजे राजशासन शेवटी आणि सर्वांत बळकट. आता या परंपरेच्या नावाने ‘हा कायदा शास्त्रातून आला, म्हणून घटनेच्या समतेने त्याला हात लावू नये’ असं म्हणणं, हे परंपरेलाही धरून नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत करत धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते. त्या प्रचंड ग्रंथाचा एक ठळक धडा हाच, की धर्मशास्त्र काळाबरोबर बदलत आलं आहे.

तिसरा आक्षेप तर्काचा. घटनेचा ३७२ वा अनुच्छेद म्हणतो, की घटना येण्याच्या क्षणी अंमलात असलेले सर्व कायदे, बदलले जाईपर्यंत, चालू राहतील. जुन्या राजवटीतून नव्या प्रजासत्ताकात कायदे आले ते या पुलावरून. आता विचारा: व्यक्तिगत कायदा ‘अंमलात असलेला कायदा’ नव्हे, असं जर आपण म्हटलं, तर २६ जानेवारी १९५० नंतर तो न्यायालयात चालला कशाच्या जोरावर? एक तर तो अंमलात असलेला कायदा आहे. मग तो पुलावरून आला, आणि पुलावरच्या तपासणीलाही पात्र आहे. नाही तर तो तसा कायदा नाही. मग न्यायाधीशाने तो लागू करून कुणाला वारसा देण्याचा आणि कुणाला वगळण्याचा प्रश्नच येत नाही. हक्क देताना कायदा आणि तपासताना धर्म, हे एकाच वेळी कसं जमायचं? न्यायालयाचा बेलिफ जेव्हा घराचा ताबा घ्यायला येतो, तेव्हा तो मनूचा बेलिफ नसतो. ज्येष्ठ घटनातज्ज्ञ सीरवाई यांनीही या निकालाच्या या बाजूवर टीका केली आहे.

चौथा आक्षेप शब्दार्थाचा. तेराव्या अनुच्छेदातली व्याख्या ‘समावेश होतो’ अशी आहे, ‘एवढेच’ अशी नाही. अशा व्याख्येत एखादा शब्द नाही म्हणून ती वस्तू बाहेर, हा नियम लागू पडत नाही. सतरावा अनुच्छेद अनावश्यक ठरतो म्हणाल, तर तो केवळ कायद्यांविरुद्ध नाही. तो शेजाऱ्याविरुद्ध आहे, विहिरीवर उभ्या राहणाऱ्या माणसाविरुद्ध आहे, जिथे तेरावा पोचत नाही. आणि चव्वेचाळिसावा एकरूपतेबद्दल बोलतो, तेरावा समतेबद्दल. दहा समाजांचे दहा वेगळे विवाहविधी असू शकतात आणि दहाही समतेला धरून असू शकतात. एकरूपता आणायला विधिमंडळ लागतं, हे कबूल. पण अन्याय्य तेवढं काढायला न्यायालय पुरे.

शिवाय रूढी आत आणि व्यक्तिगत कायदा बाहेर, ही रेघ प्रत्यक्षात मारता येते का? प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली मदुरेच्या दत्तकप्रकरणात सांगितलं होतं, की हिंदू कायद्यात स्पष्टपणे सिद्ध झालेला परिपाठ लिखित वचनाला भारी पडतो. परिपाठ हा त्या कायद्याच्या पोटातलाच आहे. दूध आणि पाणी एकदा मिसळल्यावर, पाणी तेवढं तपासा आणि दूध तसंच सोडा, असं सांगण्यासारखं हे आहे.

आता निकालाच्या बाजूने काय म्हणता येईल, तेही न्यायाने मांडलं पाहिजे. १९५१ चा काळ डोळ्यांपुढे आणा. फाळणी होऊन चार वर्षं झालेली. हिंदू कोड बिल संसदेत अडकलेलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्यामागे या बिलाची झालेली परवड हे एक मोठं कारण होतं. अशा वेळी दोन न्यायाधीशांनी ‘सगळे व्यक्तिगत कायदे आजपासून तपासणीखाली’ असं जाहीर केलं असतं, तर कोट्यवधी घरांतली लग्नं आणि वारसे एका रात्रीत संशयास्पद झाले असते. हे काम लोकांनी निवडलेल्या सभागृहाचं आहे, दोन न्यायमूर्तींचं नाही, हा संयम समजण्यासारखा आहे. आणि विसरू नका, की ते एका सुधारणेला वाचवत होते, अडवत नव्हते.

हा बचाव वजनदार आहे. पण तो विवेकाचा बचाव आहे, व्याख्येचा नाही. ‘आज या प्रश्नात शिरू नये’ असं म्हणणं वेगळं, आणि ‘हा कायदाच नव्हे’ असं म्हणणं वेगळं. पहिलं उत्तर परिस्थिती बदलली की बदलता येतं. दुसरं उत्तर पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात पडतं. शिवाय तपासणीखाली येणं म्हणजे रद्द होणं नव्हे. तेराव्या अनुच्छेदातच ‘विसंगतीच्या मर्यादेपुरतं’ असे शब्द आहेत. तेव्हा सगळं कोसळलं असतं ही भीतीही थोडी अतिरंजितच.

आणि झालं काय, ते पाहा. डिसेंबर १९७९. प्रजासत्ताकाचं तिसावं वर्ष. वाराणसीच्या एका मठाच्या महंतपदाचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला, ‘कृष्ण सिंह विरुद्ध मथुरा अहीर’. प्रश्न होता, शूद्राला संन्यासी होता येतं का? उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी म्हटलं होतं, की स्मृतिकारांची ती बंदी मूलभूत हक्कांमुळे आता उरली नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हे चूक. मूलभूत हक्कांचा भाग व्यक्तिगत कायद्यांना स्पर्श करत नाही, न्यायाधीशाने आपल्या आधुनिक कल्पना त्यात आणू नयेत. महंताला न्याय मिळाला, पण तो त्या पंथाच्या परिपाठात तशी मुभा होती म्हणून. समजा, तो परिपाठ नसता तर? सतरावा अनुच्छेद असलेल्या देशात एका माणसाचा संन्यास त्याच्या जन्मावरून अडला असता, आणि घटनेला त्यावर काही बोलता आलं नसतं. १९५१ साली सुधारणेच्या हेतूने केलेली व्याख्या अठ्ठावीस वर्षांत कुठे येऊन पोचली, पाहा.

नंतरचा प्रवास वळणावळणाचा आहे. १९९६ साली एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने उलट सूर लावला आणि व्यक्तिगत कायदे घटनेशी सुसंगत हवेत असं म्हटलं. २०१७ साली तिहेरी तलाकचं प्रकरण आलं. तीन विरुद्ध दोन असा निर्णय लागला. न्यायमूर्ती नरिमन आणि लळित यांनी वाट काढली ती अशी, की शरीयत १९३७ च्या कायद्याने लागू केली गेली आहे, म्हणून हा विधिमंडळाचाच कायदा, म्हणून तेराव्याखाली येतो. पाहा, त्यांनी अधिष्ठान शोधलं आणि ते सापडल्यावर मार्ग मोकळा झाला. पण नरसू आप्पा माळी बरोबर की चूक, हे त्यांनी ठरवलं नाही. योग्य प्रकरणात त्याकडे पुन्हा पाहावं लागेल, एवढंच सुचवलं. २०१८ साली शबरीमलाच्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात या निकालाच्या तर्कावर थेट बोट ठेवलं. पण एका न्यायमूर्तीचं मत म्हणजे न्यायपीठाचा निर्णय नव्हे.

हा केवळ एका समाजाचा प्रश्न आहे असं कुणी समजू नये. हिंदूंचे विवाह आणि वारसा १९५५-५६ मध्ये संहिताबद्ध झाले, त्यामुळे त्यांचा बराच भाग आपोआप तपासणीखाली आला. पण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. पालघर, नंदुरबार, गडचिरोली इथल्या आदिवासी मुलीचा बापाच्या जमिनीत वाटा किती, हे अजून रूढीवर अवलंबून आहे. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोंड समाजातल्या एका स्त्रीच्या वारसांच्या दाव्यात निर्णय दिला. खालच्या न्यायालयांनी त्यांना सांगितलं होतं, की बाईला वाटा देणारी रूढी आहे हे आधी सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच उलटा केला. बाईला वगळणारी रूढी आहे, हे तरी कुणी सिद्ध केलंय? ते झालं नाही. तेव्हा समतेचं तत्त्व आणि न्याय, समदृष्टी, सदसद्विवेक यांच्या आधारे तिच्या वारसांना समान वाटा मिळाला. १८२७ च्या त्या रेग्युलेशनमधली शेवटची पायरी आठवते ना? तीच इथे कामी आली. पण वगळणारी रूढी कुणी उद्या पुराव्यानिशी सिद्ध केली तर काय, हा प्रश्न उभाच आहे.

विधिशास्त्रातले दोन मोठे पंथ याबाबत काय म्हणतात, तेही जाता जाता पाहू. ऑस्टिन म्हणाला, कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, आणि रूढी कायदा होते ती न्यायालयाने उचलल्यावर. हार्टने १९६१ साली त्याला दुरुस्त केलं. त्याच्या मते प्रत्येक व्यवस्थेत एक मूळ नियम असतो, ज्यावरून अधिकारी ओळखतात की कायदा कोणता आणि कोणता नाही. दोघांचं एरवी पटत नाही. पण नियमाचा मजकूर कुठून आला एवढ्यावरून तो कायदा ठरत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. आपल्या देशात तो ओळखण्याचा नियम राज्यघटना आहे. तिने ज्याला आत घेतलं तो कायदा, आणि जो आत आला त्याला तिच्या अटी लागू.

कुणी विचारेल, मग धर्माला काही जागा नाही का? आहे, आणि मोठी आहे. लग्नात सप्तपदी घालायची की निकाह पढायचा, श्राद्ध करायचं की नाही, उपास कुठला धरायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यात न्यायालयाने पडू नये. आमचं म्हणणं फक्त तिथे सुरू होतं, जिथे धर्माचा नियम कोर्टाच्या हुकूमनाम्यात शिरतो आणि कुणाला घराबाहेर काढतो, कुणाचं नाव सातबाऱ्यावरून वगळतो. तिथे त्याने राज्याचं बळ घेतलेलं असतं. राज्याचं बळ घ्यायचं आणि राज्याच्या घटनेपुढे मात्र उत्तर द्यायचं नाही, ही सवलत संसदेच्या कायद्यालाही नाही. ती मिताक्षरेला किंवा शरीयतला का असावी?

तेव्हा तरुण वकील मित्रांना आणि विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे. यापुढे कुणी म्हणालं, की ‘हा आमचा कायदा आहे, तो ग्रंथातून आला आहे’, तर त्याच्या ग्रंथाशी वाद घालत बसू नका. शांतपणे दुसरा प्रश्न विचारा: तो या न्यायालयात कुठल्या तरतुदीने आला? ती तरतूद बहुतेक वेळा सापडते. १८२७ ची सापडते, १९१५ ची सापडते, १९३७ ची सापडते, घटनेतला ३७२ वा अनुच्छेद तर आहेच. ती सापडली की तेराव्या अनुच्छेदाकडे वळा. नरसू आप्पा माळीच्या निकालाचा फेरविचार आज ना उद्या मोठ्या न्यायपीठाला करावा लागेल. त्या दिवशी युक्तिवाद करणाऱ्यांत तुमच्यापैकी कुणी असावं, अशी आमची इच्छा आहे.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे.